तेरावा शिक्का

बर्फाशी माझा आजवरचा संबंध उसाच्या रसापुरता. त्यातही मी रसवंतीवाल्याला "बिनबर्फाचा" असं ओरडून सांगणाऱ्यांपैकी. बर्फ घातला की ग्लासात रस कमी भरतो, एवढं कॉमर्स मला बी.कॉम. व्हायच्या आधीपासून येत होतं. शिवाय आमच्या घराण्यात थंडीचं नुसतं नाव निघालं तरी सुंठ उगाळतात. अशा माणसाने ऐन फेब्रुवारीत, समुद्रसपाटीपासून जवळजवळ चार हजार मीटरवर, कमरेएवढ्या बर्फात गुडघे टेकून बर्फावर शिक्के मारले, असं सांगितलं तर आमच्या शाखेतला शिपाईसुद्धा विश्वास ठेवत नाही. पण मारले. मोजून तेरा मारले.

त्याचं असं झालं. माझी एल.एफ.सी. लॅप्स व्हायला आली होती. बँकेतला माणूस आयुष्यात दोनच गोष्टींना भितो. एक ऑडिट आणि दुसरी लॅप्स होणारी सवलत. ही म्हणाली, "काश्मीर." मी म्हटलं, "अगं, पण थंडीत?" ही म्हणाली, "मग बर्फ बघायला काय वैशाखात जायचं?" वास्तविक आपली अर्धी मराठी माणसं वैशाखातच काश्मीरला जातात, पण हा मुद्दा मला दोन दिवसांनी सुचला आणि तोपर्यंत तिकिटं निघाली होती.

मग बहिणीचा फोन आला. "दादा, तू गुलमर्गला चाललायस ना? आमचा पिंट्यापण तिथेच जाणार आहे. जरा लक्ष ठेव रे त्याच्यावर."

पिंट्या हा माझा भाचा. वय सत्तावीस. हिंजवडीला काँप्युटरपुढे बसतो. त्याचा महिन्याचा कापला जाणारा इन्कम टॅक्स आणि माझा हातात येणारा पगार यांत फारसा फरक नाही. सह्याद्रीतले किल्ले त्याने पालथे घातले आहेत आणि दोन हिवाळे गुलमर्गला जाऊन स्कीइंगचे कोर्सही केले आहेत. यंदा त्याला 'बॅककंट्री' करायचं होतं. मला आधी वाटलं, बॅकलॉगसारखं काहीतरी असेल, इंजिनिअर मंडळींचं असतं. तर ते तसं नव्हे. दोऱ्या लावून, यंत्राने दाबून, सपाट करून ठेवलेला उतार सोडायचा आणि पलीकडच्या कुणी हात न लावलेल्या डोंगरावरून एकट्यादुकट्याने खाली यायचं. म्हणजे चांगला जिना असताना पागोळीवरून उतरण्याचाच प्रकार. आणि या पिंट्यावर मी 'जरा लक्ष' ठेवायचं होतं. मी, ज्याला बाथरूममध्ये फरशी ओली असली की भिंत धरावी लागते.

तो हिवाळा होता २०२३-२४ चा. तुम्हाला आठवत असेल, त्या जानेवारीत गुलमर्गचे फोटो सगळीकडे फिरत होते, आणि त्यांत गुलमर्ग मे महिन्यातल्या क्रिकेटच्या मैदानासारखं पिवळं आणि बोडकं दिसत होतं. काश्मिरात २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना 'चिल्लई कलां' म्हणतात. हाडं गोठवणारी थंडी आणि खरा बर्फ याच दिवसांतला. ते चाळीस दिवस जवळजवळ कोरडे गेले. सरकारी हिवाळी खेळसुद्धा पुढे ढकलावे लागले. मी मनातून खूश होतो. बर्फच नाही तर भाचा घसरणार कशावरून? पण जानेवारी संपता संपता बर्फ पडायला लागला तो असा, की मागची सगळी थकबाकी व्याजासकट चुकती करायची आहे. आम्ही पोचलो तेव्हा हॉटेलच्या पायऱ्या सापडत नव्हत्या.

पहिल्याच संध्याकाळी फोनवर सरकारी संदेश आला. बारामुल्ला जिल्ह्यात २४०० मीटरच्या वर हिमस्खलनाचा धोका. ही फेरनच्या आत कांगडी घेऊन बसली होती. तिने विचारलं, "आपलं हॉटेल कितीवर आहे हो?" मी म्हटलं, "२६५०." तिने कांगडी खाली ठेवली आणि बॅग काढली. मग मॅनेजरने येऊन समजूत घातली, "मेमसाब, ये तो मैदान है. मैदान में बर्फ किधर से किधर गिरेगा? वो ऊपर वालों के लिये है." वर म्हणजे अफरवतवर. आणि पिंट्याला जायचं होतं ते नेमकं तिथेच.

पिंट्याने एक गाइड ठरवला होता. पन्नाशीचा, तांबूस दाढीचा, गॉगलच्या जागी दोन पांढरे गोल आणि बाकी तोंड तांब्याच्या घंगाळासारखं. पिंट्या त्याला 'उस्ताद' म्हणायचा, म्हणून आम्हीही उस्ताद म्हणायला लागलो. उस्तादचा नियम होता, पहिल्या दिवशी डोंगर नाही. पहिल्या दिवशी शोधाशोध. प्रत्येकाच्या अंगावर एक छोटं यंत्र बांधतात. ते सतत सिग्नल सोडतं. माणूस बर्फाखाली गाडला गेला तर बाकीच्यांनी आपली यंत्रं 'शोधा'वर टाकून त्याला हुडकायचं, लांब सळईने टोचून खात्री करायची आणि फावड्याने उकरायचं. यंत्र, सळई आणि फावडं ही तिन्ही प्रत्येकापाशी हवीत, एकही कमी चालत नाही. पिंट्यापाशी याखेरीज ओढल्यावर फुगणारी पिशवी असलेली सॅकही होती. तिची किंमत त्याने मला सांगितली नाही. मी ती नंतर पावतीवर वाचली आणि माझ्या स्कूटरचा विचार करत बसलो.

सरावासाठी काहीतरी पुरायला हवं होतं. हिने मेथीच्या लाडवांचा स्टीलचा डबा दिला. मला वाटतं, त्या डब्याचं वजन कमी करण्याची संधी ती मुंबईपासून शोधत होती. उस्तादने डबा आणि एक चालू यंत्र पिशवीत बांधून हॉटेलमागच्या पटांगणात कुठेतरी पुरलं आणि पिंट्याला म्हणाला, "ढूँढो." हिने घड्याळ लावलं.

पिंट्या आधी भलत्याच दिशेला धावला. खिशातला मोबाइल आणि डोक्यावरचा कॅमेरा चालू असल्यामुळे यंत्र भरकटत होतं. उस्तादने ते दोन्ही काढायला लावले. मग तो वाकून, रांगत, बर्फाला नाक लावून फिरला. मग सळई. मग फावडं. डबा हाती आला तेव्हा घामाने निथळत होता, म्हणजे पिंट्या. मी टाळ्या वाजवल्या. ही म्हणाली, "एकोणीस मिनिटं."

उस्ताद लाडू खात होता. तो खाता खाता म्हणाला, "पंद्रह मिनट." बर्फाखाली पुरला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निघाला तर बहुतेकदा वाचतो. त्यानंतर आशा भराभर उतरते. खाली येऊन थांबलेला बर्फ कापसासारखा राहत नाही, ओतलेल्या सिमेंटसारखा घट्ट बसतो. बोटसुद्धा हलत नाही. तोंडापुढे जी काय चिमूटभर हवा असेल तेवढी शिल्लक. "और डिब्बा तो साँस नहीं लेता," तो म्हणाला आणि त्याने दुसरा लाडू घेतला.

हिने घड्याळाकडे पाहिलं आणि मग पिंट्याकडे. पिंट्याने न बोलता डबा परत पुरायला दिला. संध्याकाळपर्यंत तो नऊ मिनिटांवर आला. लाडवांचा तोपर्यंत चुरा झाला होता. रात्री आम्ही तो दुधात घालून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी गोंडोला. गुलमर्गचा गोंडोला दोन टप्प्यांत जातो. पहिला टप्पा १९९८ साली सुरू झाला. तो तुम्हाला कोंगडूरीला सोडतो आणि सज्जन माणसं तिथे मॅगी खाऊन परत येतात. दुसरा टप्पा २००५ पासून थेट अफरवतच्या खांद्यापर्यंत, ३९०० मीटरच्याही वर नेतो. ही कोंगडूरीला मॅगीपाशी थांबली. मी "दादा, लक्ष ठेव" या तीन शब्दांपायी वर गेलो. वरच्या हवेत प्राणवायू कमी आणि वारा जास्त, म्हणजे आमच्या रिजनल ऑफिससारखंच. पाच पावलं चाललं की उगाच देखावा बघायला थांबावं लागतं.

उस्तादने आम्हाला शिखराच्या बाजूला एका बुटक्या उतारापाशी नेलं. ज्या घळीतून पिंट्याला उतरायचं होतं तिचं तोंड ज्या दिशेला, त्याच दिशेला याचंही. पण खाली पडायला जागाच नाही असा, बापुडा उतार. तिथे त्याने फावड्याने खड्डा खणला. जमीन लागेपर्यंत. आणि वरची बाजू सुरीने कापून भिंत अशी गुळगुळीत केली, की पुण्यातल्या केकवाल्याने बघत राहावं.

त्या भिंतीत अख्खा हिवाळा लिहिलेला होता. अगदी वर भुसभुशीत, कालपरवाचा. त्याखाली वाऱ्याने आणून थापलेली घट्ट लादी. आणि अगदी तळाशी वीतभर जाडीचा एक राखाडी पट्टा. उस्तादने त्यातली मूठ भरून माझ्या हातमोज्यावर ठेवली. जाड, सुटी, चमचमणारी साखर. शब्दशः साखर. मूठ आवळली तरी गोळा होईना, बोटांतून गळून गेली. रेशनची साखरसुद्धा यापेक्षा एकमेकींना धरून असते.

त्याने सांगितलं ते मला माझ्या भाषेत असं समजलं. सुरुवातीला थोडासा बर्फ पडला आणि मग आभाळ कोरडं झालं. खाली जमिनीत उन्हाळ्याची ऊब शिल्लक असते, तिथे तापमान शून्याच्या आसपास. वर रात्रीची हवा उणे दहा-पंधरा. मधे बर्फाची गोधडी ही एवढीशी, पातळ. मग खालची वाफ वर वर जात राहते आणि वाटेत कणांवर गोठत राहते. आठवड्यामागून आठवडे असं चाललं की कणांचे मोठे मोठे, कंगोरे असलेले स्फटिक होतात, आणि कुणाचा कुणाला आधार राहत नाही. गोधडी जाड असती तर हे घडलं नसतं. म्हणजे कमी बर्फाचा हिवाळा सुरक्षित, हा माझा मुंबईतला समज साफ उलटा निघाला. आणि या सुट्या साखरेवर आता चार फूट नवा माल येऊन बसला होता.

मी ओरडलोच, "अहो, हा तर एन.पी.ए.!"

उस्तादला कळलं नाही, पण तुम्हाला कळेल. एका पार्टीला कधीतरी नोव्हेंबरात एक छोटं कर्ज दिलेलं असतं. पार्टी कोरडी. वसुली शून्य. खरं म्हणजे तिथेच खातं बंद करायचं. पण तसं न करता त्यावर दुसरी लिमिट मंजूर होते, मग तिसरी, आणि वरून पाहणाऱ्याला सगळं पांढरंशुभ्र. एकदा आमच्याच बँकेत हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मी त्या फायलीवर पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं होतं. साहेब म्हणाले, "अहो, आणखी तीन बँकांनी दिलंय त्यांना. त्या काय वेड्या आहेत?" मी खोडरबराने प्रश्नचिन्ह पुसलं. चौघी बँका एकाच आठवड्यात झोपल्या. ती पुसलेली खूण त्या कागदावर अजून दिसते म्हणतात. मी बघायला गेलो नाही.

"अब टेस्ट," उस्ताद म्हणाला. त्याने भिंतीत एक फूट बाय एक फूट असा उभा खांब चारी बाजूंनी सुटा कापला, वर फावड्याचं पातं आडवं ठेवलं, आणि सांगितलं, की यावर आधी दहा थापा मारायच्या फक्त मनगटातून. मग दहा कोपरातून. मग दहा खांद्यातून. कितव्या थापेला खांब कुठे आणि कसा तुटतो ते बघायचं. पिंट्या पुढे झाला. त्याने पहिली थाप अशी मारली, की तान्ह्या बाळाला झोपवतोय. उस्ताद हसला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "साहब, आप बैंक में हैं ना? ठप्पा मारना आता होगा."

वाचकहो, वीस वर्षं नोकरी केली, पण माझ्या अंगच्या कलेची अशी कदर कुणी केली नव्हती. चेकची नुसती चित्रं जायला लागली आणि काउंटरवरचा शिक्क्याचा आवाज ओसरला, त्याआधी मी शाखेतला पहिल्या नंबरचा शिक्केवाला होतो. आणि बँकेतही या तीनच जाती. मनगटातून मारतात तो पैसे भरल्याच्या स्लिपवरचा. कोपरातून मारतात तो क्लिअरिंगच्या गठ्ठ्यावरचा, साडेतीनला, लोकल गाठायची असताना. आणि खांद्यातून मारतात तो साहेबांनी नुकतंच झापलेलं असताना समोर येईल त्या कागदावरचा.

मी गुडघे टेकले. मनगटातून दहा मारले. काही नाही. पिंट्याचा चेहरा खुलला. "बघ मामा, मजबूत आहे." मग कोपरातून. अकरा. बारा. तेराव्याला खालून 'धप्' असा एक पोकळ आवाज आला आणि वरचा चार फुटांचा खांब अख्खाच्या अख्खा, जरा तिरका होऊन, माझ्या मांडीवर येऊन बसला. तुटला नाही, चुरला नाही. तळाची साखर बसली आणि वरचं सगळं त्यावरून ड्रॉवर उघडावा तसं सरकलं.

कुणीच काही बोललं नाही. मग पिंट्या म्हणाला, "मामाने जोरात मारला."

उस्तादने शेजारी दुसरा खांब कापला आणि स्वतः मारले. चौदाव्याला तोच 'धप्', तेच सरकणं. तो उठला, फावडं घडी करून सॅकला लावलं आणि म्हणाला, "आज नहीं."

पिंट्याने वाद घातला. मी मधे बोललो नाही. कारण खरं सांगायचं तर त्याचे मुद्दे बरे होते. एवढे पैसे, एवढी रजा, आभाळ निळंशार, शिवाय आमच्या डोळ्यांदेखत चारपाच परदेशी मंडळी त्याच घळीच्या बाजूने सर्र करून उतरून गेली. "ते गेलेच ना? काय झालं?" आणि धोक्याची पातळीही पाचातली तिसरीच होती. उस्ताद शांतपणे म्हणाला, की माणसं सर्वांत जास्त तिसऱ्यातच मरतात. चौथ्या-पाचव्या पातळीला कुणी घराबाहेर पडत नाही, तिसऱ्याला वाटतं, 'चलता है'. मला पटलं. बँकेतही भिकार पार्टीला कुणी कर्ज देत नाही. बुडवतो तो 'बरा आहे'वालाच. आणि त्याने आणखी एक सांगितलं. अडकतात त्या दहांतल्या नऊ जणांवर बर्फ आपण होऊन येत नाही. त्यांनी स्वतः किंवा त्यांच्यातल्याच कुणीतरी तो पाडलेला असतो. तीस अंशांच्या खालचा उतार सहसा सुटत नाही, फार उभ्यावर बर्फ मुळात साठत नाही. मधला तीस ते पंचेचाळीस तेवढा घातकी, आणि स्कीवाल्यांचा जीव नेमका त्याच्यावरच.

"पण ते लोक गेले ना!" पिंट्या परत म्हणाला.

तेव्हा मात्र माझ्या तोंडून निघून गेलं, "आणखी तीन बँकांनी दिलंय म्हणून आपण द्यायचं नसतं रे." त्याला त्यातलं अक्षर कळलं नाही. पण माझा आवाज कसातरीच झाला असावा, कारण तो गप्प झाला. मला त्या क्षणी पिंट्या दिसत नव्हता. मला बहिणीच्या घरातला दिवाणखाना दिसत होता, आणि माझ्या हातात फोन.

आम्ही तिघेही गोंडोलात बसून खाली आलो. हजारोंची सॅक मांडीवर घेऊन पिंट्या काचेबाहेर बघत होता. खाली उस्तादने ठरलेल्यातले अर्धेच पैसे घेतले. पिंट्याने बाकीचे पुढे केले तर म्हणाला, "काम आधा हुआ." हे बँकेत सांगितलं तर कुणाला पटणार नाही, म्हणून मी सांगितलंही नाही.

रात्री पिंट्या जेवला नाही. पुढचे तीन दिवस तो दोऱ्यांच्या आतल्या उतारावर शाळेच्या पोरांसारखा वरखाली करत राहिला. माझ्याशी कामापुरतं बोलायचा. हिला सगळी हकिगत कळल्यावर ती एवढंच म्हणाली, "तेराव्यावर थांबलात ते बरं झालं. नाहीतर तेरावं दुसरंच घालावं लागलं असतं." आमच्या हिचा विनोद हा असा असतो. तो आमच्याकडे फक्त तिलाच शोभतो.

आम्ही परत आलो आणि मी कामाला लागलो. आणि २२ फेब्रुवारी २०२४ ला दुपारी, काउंटरवर गर्दी असताना, शेजारच्या टेबलावरच्या पोरीने मोबाइलवरची बातमी दाखवली. गुलमर्गला खिलनमर्गच्या बाजूला हिमस्खलन. परदेशी स्कीपटूंचा गट अडकला, एक रशियन गेला, बाकीच्यांना काढलं. आदल्या वर्षी, १ फेब्रुवारी २०२३ ला, त्याच अफरवतवर दोन पोलिश स्कीपटू गेले होते, हे मी त्या बातमीतच वाचलं. आमची घळ ती नव्हे. दिवसही वेगळा, मधे कितीतरी बर्फ पडलेला. आम्ही त्या दिवशी उतरलो असतो तर कदाचित काहीसुद्धा झालं नसतं आणि पिंट्या आज सगळ्यांना व्हिडिओ दाखवत फिरला असता. हे मला माहीत आहे. तरी माझ्या हातातलं पासबुक मी तीन वेळा उलट्या बाजूने मशीनमध्ये घातलं.

तेवढ्यात पिंट्याचा फोन आला.

"मामा, वाचलंस?"

"वाचलं."

थोडा वेळ तो काही बोलला नाही. मागे त्याच्या ऑफिसातला आवाज येत होता.

"मामा, खरं सांग. तो तेरावा तू जरा जोरात मारला होतास ना?"

"हो," मी म्हणालो, "थोडा खांद्यातून गेला."

"वाटलंच मला," तो म्हणाला. मग म्हणाला, "मामी आहे का घरी रविवारी? लाडवाचा डबा माझ्याच सॅकमध्ये राहिलाय."

समोरचे गृहस्थ काचेवर नाणं वाजवत होते. मी त्यांची स्लिप घेतली आणि मनगटातून शिक्का मारला.